मेंदूत लाल रंगाची पेशी असते का?

लातूरला बारावीत शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे. डोळ्यात लाल, हिरवा आणि निळा ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात असं तिनं पुस्तकात वाचलं. मग पिवळा, तपकिरी, राखाडी कुठे ओळखले जातात? मेंदूत प्रत्येक रंगाची वेगळी पेशी असते का? हे सगळं माकडांवर तपासलेलं असतं, ते माणसाला कितपत लागू पडतं? शिवाय दोन घरचे उपप्रश्न आहेत. वडिलांच्या साड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक साडी उचलून बाहेर उन्हात का नेतं? आणि धाकट्या भावाला लाल काठ आणि हिरवं अंग पटकन वेगळं दिसत नाही, त्याच्या मेंदूत काही कमी आहे का?

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. त्याआधी माकडांच्या दृष्टिकेंद्रातल्या पेशींच्या नोंदी घेण्याचं काम केलेलं असल्यामुळे हा विषय निघाला की माझं उत्तर लांबतं. पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर आहे: नाही. लाल रंगाची किंवा पिवळ्या रंगाची अशी खास पेशी डोळ्यात नसते आणि मेंदूतही नसते. असतात त्या तुलना करणाऱ्या पेशी.

सुरुवात शंकूपेशींपासून करू. तुझ्या पुस्तकातली ‘लाल’ शंकूपेशी सर्वात जास्त प्रतिसाद देते तो प्रकाश सुमारे ५६० नॅनोमीटरचा, म्हणजे पिवळसर हिरव्याच्या आसपासचा. ‘हिरवी’ पेशी ५३० च्या आसपास आणि ‘निळी’ ४२० च्या आसपास. पहिल्या दोघींमध्ये जेमतेम ३० नॅनोमीटरचं अंतर आहे आणि त्यांचे आलेख बहुतांशी एकमेकांवर चढलेले आहेत. म्हणून आम्ही त्यांना लांब, मध्यम आणि आखूड लहरींच्या पेशी म्हणतो. आखूड लहरींच्या पेशी एकूण शंकूपेशींच्या साधारण ५ ते १० टक्केच असतात आणि नजरेच्या अगदी मध्यबिंदूवर तर त्या नसतातच.

आता मुख्य मुद्दा. एकटी शंकूपेशी रंगांधळी असते. तिला एकच गोष्ट कळवता येते: मी किती फोटॉन पकडले. ५६० नॅनोमीटरचा मंद प्रकाश आणि ६२० चा पुरेसा प्रखर प्रकाश, दोन्हींनी लांब लहरींच्या पेशीत अगदी तोच प्रतिसाद उमटवता येतो. फोटॉन कोणत्या लहरीचा होता ही माहिती तो पकडल्याक्षणी पुसली जाते. विल्यम रश्टन या शास्त्रज्ञाने हे तत्त्व नीट मांडलं. माझ्या मते रंगदृष्टीचा कोणताही धडा इथूनच सुरू व्हायला हवा, पण आपल्या पुस्तकांत ते बहुधा नसतंच. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना नेहमी उलटी वाटते. शंकूपेशी अंधारात ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सतत सोडत असते आणि प्रकाश पडला की ते सोडणं कमी होतं. म्हणजे उजेड पडला की ती गप्प होत जाते.

तुलना लगेच पुढच्या थरांत, दृष्टिपटलातच, सुरू होते. तिथल्या मिजेट गँग्लियन पेशी लांब लहरींच्या आणि मध्यम लहरींच्या शंकूपेशींचे संदेश एकमेकांविरुद्ध मांडतात. तराजू डोळ्यासमोर आण. एका पारड्यात लांब लहरींचं माप, दुसऱ्यात मध्यम लहरींचं. काटा मधोमध असतानाही पेशी गप्प नसते, सेकंदाला काही विजेचे स्पंद सोडतच असते. एका बाजूला झुकलं की स्पंद वाढतात, दुसऱ्या बाजूला झुकलं की कमी होतात. त्यामुळे एकाच पेशीतून दोन्ही दिशांची माहिती जाते. दुसऱ्या एका जातीच्या गँग्लियन पेशी आखूड लहरींचं माप उरलेल्या दोघांच्या बेरजेविरुद्ध तोलतात. तिसऱ्या, पॅरासोल पेशी, लांब आणि मध्यम यांची नुसती बेरीज घेतात. त्यांना रंगाशी फारसं देणंघेणं नाही, त्या हालचाल आणि उजेड-अंधार बघतात.

या सगळ्या गँग्लियन पेशींचे तंतू मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसमधल्या लॅटरल जेनिक्युलेट केंद्रकात येतात. आम्ही त्याला एलजीएन म्हणतो. मकाक माकडाच्या एलजीएनमध्ये सहा ठळक थर असतात. खालच्या दोन थरांत मोठ्या पेशी, वरच्या चारांत लहान, आणि थरांच्या मधल्या फटींत अगदी बारीक पेशी. लांब-मध्यमची तुलना लहान पेशींच्या थरांतून जाते, आखूड लहरींची बरीचशी फटींतल्या बारीक पेशींतून. रसेल डी व्हॅलोइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये या पेशींचं पद्धतशीर वर्गीकरण छापलं. त्याच वर्षी विझेल आणि ह्यूबेल यांचाही एलजीएनवरचा निबंध आला. एवाल्ड हेरिंग यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलं होतं की लाल-हिरवा आणि निळा-पिवळा या परस्परविरोधी जोड्या आहेत. या पेशी सापडल्यावर सगळ्यांना वाटलं, हेरिंग बरोबर होते, प्रश्न सुटला.

तो सुटला नव्हता. १९८४ मध्ये डेरिंग्टन, क्राउस्कॉफ आणि लेनी यांनी एलजीएनच्या पेशी कोणत्या रंगबदलाला सर्वात जास्त आणि कोणत्याला अजिबात प्रतिसाद देत नाहीत हे काटेकोर मोजलं. पेशी दोन अक्षांभोवती गोळा झाल्या खऱ्या, पण ते अक्ष हेरिंगचे नव्हते. पहिल्या अक्षाची टोकं गुलाबीसर लाल आणि निळसर हिरवी. दुसऱ्याची जांभळी आणि पोपटी. आपल्याला जो निर्भेळ पिवळा वाटतो, हळदीसारखा, ज्यात लालही नाही आणि हिरवाही नाही, तो या दोन्हींपैकी एकाही अक्षावर बसत नाही. तरीही आजची बरीच पुस्तकं एलजीएनच्या पेशींना सरसकट लाल-हिरव्या आणि निळ्या-पिवळ्या म्हणतात. परीक्षेपुरतं चालेल, पण खरं म्हणून धरू नकोस.

शिवाय मिजेट पेशी फक्त रंगाचीच बातमी आणत नाहीत. काळ्या-पांढऱ्या अक्षरांची बारीक रेघही तीच पेशी आणते. तिचे स्पंद वाढले ते रंगामुळे की उजेडामुळे, हे तिच्या एकटीच्या आवाजावरून कळायला मार्ग नाही.

प्रयोगशाळेतली खरी डोकेदुखी हीच. काम कसं चालतं ते सांगतो. सरकारने नेमलेल्या समितीच्या परवानगीशिवाय माकडावर काहीही करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. माकड पडद्यावरच्या ठिपक्यावर नजर खिळवून बसतं, त्याबद्दल त्याला फळांच्या रसाचा घोट मिळतो. मेंदूला वेदना जाणवत नाही, त्यामुळे आत गेलेली अतिबारीक टोकाची इलेक्ट्रोड त्याला टोचत नाही. पेशीचे स्पंद लाउडस्पीकरवर तडतड ऐकू येतात. नवा विद्यार्थी लाल चौकोन दाखवतो, तडतड वाढते, आणि तो धावत येऊन सांगतो, ‘सर, लाल पेशी सापडली.’ त्याला पहिला प्रश्न असतो: तुझा लाल आणि मागची राखाडी पार्श्वभूमी यांची उजळता सारखी होती का? बहुतेक वेळा नसते. पडदा स्पेक्ट्रोरेडिओमीटरने, म्हणजे प्रत्येक लहरीचा प्रकाश किती ते मोजणाऱ्या यंत्राने, मोजून घ्यावा लागतो. उजळतेची बरोबरी प्रत्येक माकडासाठी थोडी वेगळी असते. डोळ्याचं भिंग निळा आणि लाल प्रकाश एकाच ठिकाणी केंद्रित करत नाही, म्हणून रंगीत आकाराच्या कडेला नकळत उजेडाची रेघ तयार होते. हे सगळं सांभाळल्यावर पुष्कळशा ‘लाल पेशी’ साध्या उजेडाच्या पेशी निघतात. मेंदूत अमुक रंगाची पेशी सापडली अशी बातमी वाचलीस तर उजळता सारखी कशी ठेवली होती ते आधी शोध.

एलजीएनकडून संदेश डोक्याच्या मागच्या बाजूच्या प्राथमिक दृष्टिबाह्यकात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या दृष्टीच्या पहिल्या भागात, जातो. त्याला व्ही-वन म्हणतात. सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर कुठे जास्त आहे ते दाखवणारा रंग दिला की व्ही-वनच्या वरच्या थरांत ठिपके ठिपके दिसतात. मार्गारेट वाँग-रायली यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते दाखवले. १९८४ मध्ये लिव्हिंगस्टन आणि ह्यूबेल यांनी म्हटलं की ठिपक्यांतल्या पेशी रंग बघतात आणि ठिपक्यांबाहेरच्या आकार आणि रेघांची दिशा. रंग एका वाटेने, आकार दुसऱ्या वाटेने. हे चित्र इतकं सुटसुटीत होतं की पिढ्यान्‌पिढ्या तेच शिकवलं गेलं. मीही विद्यार्थी म्हणून हेच पाठ केलं. पण २००१ मध्ये जॉन्सन, हॉकन आणि शॅप्ली यांनी मोजलं तर व्ही-वनमधल्या रंगाला प्रतिसाद देणाऱ्या बऱ्याच पेशी उजळतेलाही प्रतिसाद देत होत्या आणि त्यांना रेघेची दिशाही कळत होती. २०१९ मध्ये कॅलवे यांच्या गटाने एकाच वेळी हजारो पेशींची चित्रं घेऊन तेच दाखवलं: रंग आणि दिशा या दोन्हींसाठी निवडक असलेल्या पेशी व्ही-वनमध्ये भरपूर आहेत. दोन वेगळ्या वाटांचं चित्र आज मोडीत निघालेलं आहे.

व्ही-वनमधला सर्वात कामाचा प्रकार म्हणजे दुहेरी विरोधी पेशी. एलजीएनची पेशी एका जागी लांब विरुद्ध मध्यम अशी तुलना करते. दुहेरी विरोधी पेशी एका जागेची तुलना शेजारच्या जागेच्या तुलनेशी करते. तुमच्या दुकानातली हिरव्या अंगाची, लाल काठाची पैठणी घे. नुसतं हिरवं अंग या पेशीच्या क्षेत्रावर पसरलं तर ती जवळपास गप्प. नुसता लाल काठ पसरला तरी गप्प. दोघांची सीमारेषा आली की तडतड. ही पेशी रंग सांगत नाही, ‘इथे रंग बदलला’ एवढं सांगते. याचा मोठा फायदा आहे. दुकानातला दिवा पिवळसर असला तर काठावरही पिवळा वाढतो आणि अंगावरही. दोन्हीकडे सारखाच फरक पडल्यामुळे तुलना जवळपास तशीच राहते. दिवा बदलला तरी आपल्याला साडीचा रंग साधारण तोच वाटतो, त्याची सुरुवात इथून होते.

इथे आपल्याकडच्या एका कामाचा उल्लेख करतोच. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिरहट्टी आणि सुप्रतिम रे यांनी टोपी माकडांच्या व्ही-वनमध्ये नोंदी घेतल्या. पडद्यावर मोठा एकरंगी पृष्ठभाग दाखवला की पेशींचा समूह सेकंदाला ३० ते ८० वेळा या पट्ट्यात एका तालात हेलकावे खातो, त्याला गॅमा लहरी म्हणतात. तांबड्या छटांना हा ताल कमालीचा जोरदार निघाला. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. लाल रंग मेंदूला उत्तेजित करतो असा त्याचा अर्थ लगेच लावला गेला, तो लावू नये. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवलं की मागची पार्श्वभूमी कोणत्या रंगाची आहे आणि डोळा तिला कसा सरावलेला आहे, यावर लालचं वर्चस्व पुष्कळ अवलंबून असतं. पुन्हा तुलनाच.

व्ही-वनच्या पुढे व्ही-टू, आणि त्यापुढे व्ही-फोर. सेमिर झेकी यांनी १९७३ मध्ये मकाकच्या या पुढच्या भागात रंगाला निवडक प्रतिसाद देणाऱ्या पेशींचं दाट क्षेत्र दाखवलं. १९८३ चा त्यांचा प्रयोग मला आजही आवडतो. त्यांनी रंगीत तुकड्यांचा एक फलक घेतला आणि त्यावर पडणाऱ्या लांब, मध्यम आणि आखूड लहरींच्या प्रकाशाचं प्रमाण बदलत राहिले. एकाच तुकड्याकडून डोळ्यात येणारा प्रकाश त्यामुळे पार बदलत होता, पण माणसाला त्या तुकड्याचा रंग तोच दिसत होता. व्ही-वनच्या पेशी येणाऱ्या प्रकाशानुसार वागल्या. व्ही-फोरच्या काही पेशी मात्र माणसाला जो रंग दिसतो त्यानुसार.

यावरून ‘व्ही-फोर म्हणजे रंगाचं केंद्र’ अशी घोषणा झाली, ती घाईची होती. माकडात व्ही-फोर काढून टाकलं तरी रंग वेगळे ओळखण्याची क्षमता बरीच शिल्लक राहते. उजेड बदलल्यावर तोच रंग ओळखणं मात्र बिघडतं. २००७ मध्ये कॉनवे, मोलर आणि त्साओ यांनी एमआरआयच्या मदतीने व्ही-फोर आणि त्याच्या पुढच्या भागात काही मिलिमीटरची रंगप्रधान बेटं शोधली. त्यांच्यातल्या पेशी अमुक छटेला जास्त, शेजारच्या छटेला थोड्या कमी, अशा निवडक असतात. लालसर नारिंगीला, गर्द निळ्याला, पोपटीला, सगळ्या प्रकारच्या पेशी तिथे मिळतात.

तुझा पिवळा इथे येतो. पण ‘पिवळी पेशी’ म्हणून नव्हे. पिवळ्याला सर्वात जास्त प्रतिसाद देणारी पेशी नारिंगीलाही देते, पोपटीलाही थोडा देते. अनेक पेशींच्या प्रतिसादांचं आपसातलं प्रमाण म्हणजे पिवळा. २००८ मध्ये एका निबंधात दावा झाला की या बेटांत लाल, हिरवा आणि निळा यांच्याकडे झुकणाऱ्या पेशी जास्त आहेत, म्हणजे मूळ रंगांचं ठिकाण सापडलं. जॉन मोलन यांनी लगेच दाखवून दिलं की वापरलेल्या नमुन्यांत तेच रंग जास्त भडक होते. मला मोलन यांचं म्हणणं पटतं. तपकिरी तर आणखी मजेशीर. अंधाऱ्या खोलीत तपकिरी तुकड्याचा प्रकाश एकटा दाखवला तर तो मंद नारिंगी दिसतो. शेजारी काहीतरी जास्त उजळ असलं तरच तो तपकिरी होतो. सगळी तुलना काढून घेतली तर तपकिरी उरतच नाही.

माणसाच्या मेंदूतही, खालच्या बाजूला, अशी क्षेत्रं आहेत. तिथे दोन्हीकडे इजा झाली तर शंकूपेशी शाबूत असताना सगळं राखाडी दिसू लागतं. लुई व्हेरी यांनी १८८८ मध्येच अशी एक स्त्री रुग्ण नोंदवली होती, तिचं अर्ध्या दृष्टिक्षेत्रातलं रंगज्ञान गेलं होतं. जाताजाता एक सांगून ठेवतो. कुणाला एकाच डोळ्याने लाल रंग एकाएकी फिका दिसू लागला तर तो बहुधा मेंदूच्या या भागाचा प्रश्न नसतो, डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेला सूज असू शकते. तेव्हा चष्म्याच्या दुकानात न जाता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं, आणि लवकर.

आता साडी उन्हात नेण्याबद्दल. मेंदू दिव्याचा रंग वजा करतो म्हटलं, मग गिऱ्हाइकाला बाहेर जायची गरज का पडावी? कारण मेंदू फक्त आलेल्या मालाचीच तुलना करू शकतो. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचं टोक असतं आणि पुढे पिवळसर प्रकाशाचा रुंद पट्टा. गर्द लाल भागात तो अनेकदा तोकडा पडतो. तिथे रेशमाचा गडद लाल दबून दिसतो. दुसरी गोष्ट, दोन वेगळ्या रसायनांनी रंगवलेले धागे एका दिव्याखाली हुबेहूब सारखे आणि उन्हात वेगळे दिसू शकतात, कारण तीन शंकूपेशींची मापं एका प्रकाशात योगायोगाने जुळतात, दुसऱ्यात जुळत नाहीत. ब्लाउज पीस जुळवताना हा घोळ नेहमीचाच. तेव्हा गिऱ्हाईक शहाणपणाच करतं, वडिलांनी वाईट वाटून घेऊ नये. बाहेर गेल्यावर मात्र मिनिटभर थांबून मग ठरवावं, शंकूपेशींना नव्या उजेडाला सरावायला तेवढा वेळ द्यावा. धूपछाँव पैठणीचं कारण याहून वेगळं. तिथे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, कोन बदलला की डोळ्यात येणारा प्रकाशच बदलतो. त्यात मेंदूची करामत नाही, विणकराची आहे.

माकडांचं आपल्याला किती लागू? आशिया-आफ्रिकेतल्या माकडांचं जवळपास पूर्ण. मकाकच्या तिन्ही शंकूपेशींचे उच्चांक आपल्यापासून अगदी थोडे नॅनोमीटर इकडेतिकडे आहेत, आणि रंगांतला बारीक फरक ओळखण्याच्या चाचण्यांत ते जवळपास माणसासारखेच गुण मिळवतात. वेरूळच्या लेण्यांवर आणि दौलताबादच्या किल्ल्यावर जी काळ्या तोंडाची वानरं दिसतात त्यांनाही आपल्यासारखेच शंकूपेशींचे तीन प्रकार असतात. कोवळी तांबूस पालवी जून हिरव्या पानांतून वेगळी दिसावी म्हणून ही तिसरी शंकूपेशी टिकली, असा एक मुख्य तर्क आहे. आफ्रिकेतल्या जंगलात माकडं आणि ती खातात ती पानं मोजून डॉमिनी आणि लुकास यांनी २००१ मध्ये तो मांडला. चैत्रात पिंपळाची पालवी बघितलीस तर तर्क पटतो. लुसलुशीत पान तांबूस, चिवट पान हिरवं, आणि उजळतेत फरक थोडाच. दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच माकडांत मात्र नरांना दोनच प्रकार असतात.

त्यावरून तुझ्या भावाकडे येऊ. त्याच्या मेंदूत काहीही कमी नाही. लांब आणि मध्यम लहरींच्या रंगद्रव्यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारीशेजारी आणि जवळपास सारखी असतात, त्यामुळे त्यांची अदलाबदल होताना चुका होतात. मुलाकडे एक्स एकच. एक प्रकार गळाला किंवा दुसऱ्याच्या फार जवळ सरकला की तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखंच माप पडतं आणि काटा हलत नाही. तराजू जागेवरच आहे. २००९ मध्ये नाइट्झ दांपत्याच्या गटाने दोनच प्रकारच्या शंकूपेशी असलेल्या प्रौढ नर स्क्विरल माकडांच्या दृष्टिपटलात गहाळ जनुक पोचवलं, आणि काही महिन्यांनी ती माकडं पूर्वी न ओळखता येणारे रंग चाचणीत ओळखू लागली. जुन्याच मेंदूने नवं माप वापरलं. माणसांसाठी असा उपचार आज दवाखान्यात मिळत नाही. रंगीत चष्मे काही रंगांतला फरक ठळक करतात, पण तिसरी शंकूपेशी देत नाहीत. जाहिरात बघून पैसे घालवू नका.

करण्यासारखं एवढंच: त्याला नेत्रविभागात ने. इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्यांनी दोष आहे की नाही ते कळेल, पण सौम्य की तीव्र हे त्यावरून नीट ठरत नाही. त्यासाठी डी-१५ ही रंगीत चकत्या क्रमाने लावायची चाचणी मागून घे. रेल्वे, वैमानिक अशा नोकऱ्यांत रंगदृष्टीची अट असते, म्हणून तो कॉलेजची शाखा निवडायच्या आत हे झालेलं बरं. आणि तो दुकानात बसणार असेल तर धाग्यांच्या आणि ब्लाउज पीसच्या गठ्ठ्यांवर रंगाची नावं लिहून ठेवा. उजळतेतला आणि विणीतला फरक त्याला आपल्याइतकाच दिसतो.